सीटबेल्ट लावलेला डबा

भगवान तायडे जयपूर-फुलेरा लाइनवर इंजिन हाकत. नाव भगवान असलं तरी आकाशाशी त्यांचं कधी सख्य नव्हतं. इंजिनाची शिडी चढली की आपण पुरेसे वर आलो, असं त्यांचं ठाम मत होतं. भुसावळहून बदली होऊन ते जयपूरला आले, शास्त्री नगरात भाड्यानं राहिले, वाळवंटातला उन्हाळा सोसला, भाजीत दाण्याचं कूट न घालणाऱ्या शेजाऱ्यांशी जमवून घेतलं. पण पोटची पोर विमान शिकायला निघेल, याची तयारी मात्र त्यांनी केलेली नव्हती.

इंजिनात माणसं दोन असतात. सिग्नल दिसला की एकानं तो मोठ्यानं पुकारायचा आणि दुसऱ्यानं तोच परत म्हणायचा. म्हणजे एकाचे डोळे चुकले तर दुसऱ्याचे सांभाळतात. तायड्यांनी ही शिस्त ड्यूटी संपल्यावर शेडमध्ये ठेवून यायच्या ऐवजी घरी आणली. कुकरची शिट्टी झाली की त्यांच्या पत्नी कलावतीबाई स्वयंपाकघरातून "दुसरी!" पुकारत आणि बाहेरून कोणीतरी "दुसरी!" म्हणे. दार लावलं, गॅस बंद केला, सगळं पुकारायचं. पाहुण्यांना वाटे, घरात सगळे बहिरे आहेत.

सुवर्णा याच घरात वाढली. त्यामुळे विमानात बसल्यावरही ती जे करी ते मोठ्यानं म्हणे, आणि तेही मराठीत. तिचे शिक्षक कॅप्टन शेखावत वायुदलातून निवृत्त झालेले, मिशा पिळलेले, कडक गृहस्थ. "बेटा, ये कॉकपिट है, कीर्तन नहीं," असं त्यांनी कितीदा बजावलं. पण वळण ते वळण.

आज ती पहिल्यांदा एकटी लांबवर जाणार होती. सांगानेरच्या विमानतळावरून उडायचं, सांभर सरोवरावर वळसा घालायचा आणि परत यायचं. तायडे सुट्टी टाकून प्रथमच फ्लाइंग क्लबात आले होते. घरात त्यांनी निकाल आधीच सांगून ठेवला होता. "आज मी सोताच्या डोळ्यानं पाहतो. मन धजलं तर पुढं शिक. नाही धजलं, तर बी.एड.चा फॉर्म भर. मंग रडायचं नाही."

"नाही रडणार, बाबा," सुवर्णा म्हणाली होती. ती रडणाऱ्यातली नव्हतीच.

निघताना तायड्यांनी आपला स्टीलचा डबा आणला. ड्यूटीवर माणूस रिकाम्या हातानं जात नाही, हा त्यांचा धर्म. सुवर्णा विमानाभोवती फिरून चाकं, पंख तपासत होती, तेवढ्यात त्यांनी दुसऱ्या बाजूचं दार उघडून डबा शेजारच्या रिकाम्या सीटवर ठेवला, आणि उलटायला नको म्हणून त्याला सीटबेल्ट लावून करकचून आवळला. आत कळण्याची भाकरी आणि ठेचा होता. त्या सीटवर हातात धरून, बटण दाबून बोलायचा एक जुना माइक पडला होता. हेडफोन आल्यापासून त्याला कोणी विचारत नसे. तायड्यांनीही विचारलं नाही.

क्लबाच्या खोलीत टेबलावर एक रेडिओ होता. टॉवर आणि विमानं यांचं बोलणं त्यावर ऐकू येई. सुवर्णाचा आवाज आला, इंग्रजीत, थोडक्यात, झोकात. टॉवरनं उत्तर दिलं, तिनं ते परत म्हटलं. तायड्यांनी कान टवकारले. "ही तं आमच्याच सारखं करून राहिली!" ते स्वतःशीच म्हणाले आणि त्यांना जरा बरं वाटलं.

बराच वेळ सगळं सुरळीत होतं. मग अचानक रेडिओवर इंजिनाची घरघर सुरू झाली आणि थांबेचना. त्या घरघरीतून सुवर्णाचा आवाज आला.

"वळण पूर्ण! सांभर मागं! आता रूळ धरून घरी!"

कॅप्टन ताडकन उठले. तिच्या विमानातलं बोलायचं बटण दाबलेलं राहिलं होतं. बटण दाबलेलं असलं की यंत्र नुसतं बोलतं, ऐकत नाही. म्हणजे ती काय म्हणते ते सगळ्या जयपूरच्या आभाळाला ऐकू येणार आणि तिला मात्र कोणाचं काही ऐकू येणार नाही. शिवाय ती रेडिओची वाट अडवून बसलेली, त्यामुळे बाकीच्या विमानांनाही टॉवरशी धड बोलता येईना. आणि मुंबईहून प्रवाशांचं मोठं विमान उतरायला येत होतं.

कॅप्टननी टॉवरला फोन लावला. टॉवरनं मोठ्या विमानाला रेडिओच्या दुसऱ्या वाटेवर बोलायला घेतलं होतं, त्याची काळजी मिटली होती. प्रश्न सुवर्णाचा होता. ती कुठे आहे, किती वर आहे, तिला काय झालंय हे कळलंय का?

रेडिओ बोलतच होता. कॅप्टन कपाळाला आठ्या घालून ऐकत होते आणि त्यातलं एक अक्षर त्यांना कळत नव्हतं. टॉवरमध्येही कोणाला मराठी येत नव्हती. ते तायड्यांकडे वळले. "तायडेजी, बोलिए! क्या कह रही है?"

तायडे रेडिओपाशी सरकले. सिग्नल विचारला की ड्रायव्हर गप्प बसत नाही.

"टॉवर उत्तर देत नाही," रेडिओतून सुवर्णा म्हणत होती. "आवाज पाहिला, ठीक. नंबर पाहिला, ठीक. हेडफोनची पिन, ठीक. मतलब, रेडिओ गेला. गेला तर गेला, विमान कुठं गेलंय? उंची तीच ठेवायची. खाली आसलपूर!"

तायड्यांनी भुसावळी हिंदीत सगळं सांगितलं. आसलपूर स्टेशन कुठलं, हे त्यांना कोणी सांगावं लागलं नाही. भिंतीवरच्या नकाशावर त्यांनी सरळ बोटच ठेवलं. त्या रुळावरून ते रोज जात होते. पोर त्यांच्याच लाइनवरून, त्यांच्या डोक्यावरून घरी येत होती.

"बोबास!" सुवर्णा पुकारली.

"बोबास!" तायडे म्हणाले. तिला ऐकू जात नव्हतं, हे त्यांना माहीत होतं. पण पुकारलेलं परत न म्हणणं त्यांच्यानं होणं नव्हतं. मग बोट पुढे सरके, हिंदीत अर्थ होई, कॅप्टन तो फोनवर टॉवरला सांगत.

धानक्या गेलं. मग रेडिओत थोडा वेळ नुसतीच घरघर राहिली आणि सुवर्णाचा आवाज आला, जरा खाली उतरलेला.

"सुवर्णा, घाबरायचं नाही. बाबा खाली उभे असतील. मी घाबरले तर ते जन्मभर स्वतःला बोल लावतील की का पाठवलं. तेव्हा आपण नीट उतरायचं आणि वर हसायचंसुद्धा."

"क्या कहा?" कॅप्टननी विचारलं.

तायड्यांचं बोट नकाशावर तिथंच राहिलं. बी.एड.चा फॉर्म काढणारा बाप आपण, आणि ही पोर मरणाच्या दारात आपल्यालाच सांभाळत बसली आहे! त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते लपवलेही नाहीत. "कहती है, ठीक उतरेगी," ते शेवटी म्हणाले.

"कनकपुरा! इथून रूळ सोडायचा. आता टॉवरच्या दिव्यावर नजर."

रेडिओ बंद पडला तर टॉवरमधून दिवा दाखवतात. हिरवा म्हणजे उतर, लाल म्हणजे थांब, चक्कर मार. कॅप्टननी हे सांगताच तायड्यांनी इतक्या वेळात पहिला मोकळा श्वास घेतला. म्हणजे वरही सिग्नलच होते तर! दोघं रेडिओ उचलून वायर पुरेल तितके दाराशी आले. सोडाला वस्तीच्या बाजूनं एक पांढरा ठिपका येत होता.

"दिवा दिसला! लाल! स्थिर लाल!"

"लाल!" तायडे ओरडले.

"ठीक आहे. मोठं कोणीतरी येत असेल. बाबा म्हणतात, हिरव्यावर कोणीही गाडी हाकेल, लालपुढं थांबतो तो ड्रायव्हर. उजवीकडं चक्कर."

कॅप्टननी या वेळी अर्थ विचारला नाही. मुंबईचं विमान गडगडत उतरलं, धावलं, बाजूला झालं. पांढरा ठिपका शहाण्यासारखा चक्कर मारत राहिला.

"हिरवा! स्थिर हिरवा!"

"हिरवा!" तायडे म्हणाले, आणि त्यांच्या बरोबरीनं कॅप्टन शेखावतही "हिरवा!" म्हणून गेले. वर विमानानं पंख हलवून दिवा पाहिल्याची खूण दिली, आणि पंख सरळ करून ते असं अलगद उतरलं की रेडिओत चाकांची नुसती चुरचुर ऐकू आली.

"चाकं टेकली! ब्रेक ठीक! बाबा, मी आले!"

हे जयपूरच्या आभाळात जेवढे होते तेवढ्या सगळ्यांनी ऐकलं.

इंजिन बंद झाल्यावर कॅप्टननी शेजारच्या सीटचं दार उघडलं. सांभरवरच्या वळणात डबा सरकून जुन्या माइकवर चढला होता, आणि तायड्यांनी आवळलेल्या पट्ट्यानं त्याला तिथंच, माइकच्या बटणावर, पक्कं दाबून धरलं होतं. कॅप्टननी डबा वर उचलून धरला. "ये किसने बाँधा?"

तायड्यांचा चेहरा पडला. "मी," ते म्हणाले. "माझीच अक्कल." इतक्या वर्षांच्या नोकरीत त्यांच्यावर कधी ठपका आला नव्हता, आज आला तो पोरीच्या जिवावरचा.

सुवर्णानं एकदा डब्याकडे, एकदा माइककडे पाहिलं. शेजारच्या सीटवर काय आहे ते मीही पुकारलं नव्हतं, तीही चूकच, असं तिनं कॅप्टनना सांगून टाकलं. मग आपलं सगळं बोलणं सगळ्यांनी ऐकलं हे तिच्या ध्यानात आलं, आणि तिचे कान लाल झाले. तरी ठरल्याप्रमाणे ती हसली. कॅप्टनच्या हातातून डबा घेऊन तिनं तिथंच उघडला आणि भाकरीचा तुकडा ठेच्याला लावून बापापुढं धरला.

तायड्यांनी तो तोंडात घातला. ठेचा तिखट होता, त्यामुळे डोळ्यांचं कारण कोणी विचारलं नाही.

"पुढच्या वेळेस," ते घास गिळून म्हणाले, "डबा सीटच्या मागं ठेवशील."

सुवर्णाचा हात भाकरीवर थांबला.

"पुढच्या वेळेस?" तिनं मोठ्यानं पुकारलं.

पुकारलेलं परत म्हणायचं असतं. तायड्यांनी डोक्यावरच्या आभाळाकडे एकदा नीट पाहून घेतलं.

"पुढच्या वेळेस!" ते म्हणाले.