कोठीचा तळ

सत्यवतीबाईंनी बेसनाची पिशवी गल्ल्याजवळ ठेवली आणि तिचं तोंड मोकळं केलं. "वामन, जरा हात घालून पाह्य."

वामनरावांनी चिमूटभर पीठ उचललं. त्याबरोबर जाळीचे धागे ओढले गेले आणि त्यात एक अळी वळवळली. सदर भागातल्या त्यांच्या किराणा दुकानात गिऱ्हाइकं उभी होती. ती एकमेकांकडे पाहू लागली.

बाई शेजारच्या गल्लीत बालवाडी चालवत. वामनरावांनीही पहिली अक्षरं त्यांच्याच हाताखाली गिरवली होती, म्हणून केस पिकू लागलेल्या या दुकानदाराला त्या अजून एकेरीतच हाक मारत.

"काल लाडू वाटले. पोरांनी थुंकून टाकले. तुझ्या लेकीनं, प्रेमिलानंही," बाई म्हणाल्या. "शनिवारी पोरांचा खेळांचा कार्यक्रम आहे. त्याचं बेसन तुझ्याकडून नेऊ का नको, ते तूच सांग."

"गिरणीवाल्यानं दगा दिला, बाई. पीठ परवाच आलं."

"मागच्या खेपेलेही गिरणीवालाच होता ना गा? मग तू गिरणी बदलली. आता काय गाव बदलतो?"

बाई गेल्या आणि वामनरावांचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. साखर मागणाऱ्याला त्यांनी मीठ बांधून दिलं. दुपारी दुकान बायकोवर, इंदुताईंवर सोपवून ते भर उन्हात सायकल हाणत गिरणीवर गेले. तिथलं पीठ हुंगलं, चाखलं, बोटांत चोळून पाहिलं. स्वच्छ, गोड, खमंग. भांडायला गेलेला माणूस हात हलवत परत आला.

घरी जेवायला बसले, पण पानावर बसवेना. उठले, दुकानाचं बेसन साठवायच्या कोठीत कडुलिंबाचा पाला टाकला. पुन्हा उठले, सुक्या मिरच्या टाकल्या.

"अहो, बसा ना जरा. काहून असे फिरून राहिले?" इंदुताई म्हणाल्या.

ते पुन्हा पानावर बसले. पानातल्या झुणक्याचा घास त्यांनी लेकीपुढे धरला. प्रेमिलानं तोंड फिरवलं. "कडू आहे," ती म्हणाली. आपल्या दुकानाचं पीठ आपलीच लेक खाईना, हे वामनरावांच्या फार जिव्हारी लागलं.

सकाळी बाई प्रेमिलाला न्यायला आल्या तेव्हा इंदुताई अंगणात माठ पालथा करून घासत होत्या. माठातलं पाणी त्यांनी जास्वंदीला घातलं होतं.

"बाई, गिरणी चांगली आहे हो," वामनराव पडलेल्या चेहऱ्यानं म्हणाले. "मी पाहून आलो."

"म्हणजे पीठ चांगलं येते आन् तुझ्यापाशी बिघडते. कोठी कधी रिकामी केली होती?"

वामनराव दचकले. वडिलांना ते दादा म्हणत. "रिकामी? कोठीचा तळ दिसला की लक्ष्मी उठून जाते, असं दादा सांगून गेले. वीतभर पीठ उरलं की मी वरून नवं ओततो."

बाईंनी माठाकडे पाहिलं. त्या इंदुताईंकडे वळल्या. "काय करून राहिली वं इंदू?"

"शिळं पाणी काढून माठ घासून राहिले, बाई."

"रोज घासतेस?"

"रोजच. शिळ्यावर ताजं कसं ओतायचं?"

"अरे बाप्पा! मग तुमच्या घरची लक्ष्मी रोजच उठून जात असंल."

इंदुताई हसल्या. वामनराव हसले नाहीत. "मग दादा काय खोटं बोलले?" त्यांनी विचारलं.

"नाही गा. त्यांच्या काळी दाण्याची टंचाई होती. अडीनडीले वीतभर राखून ठेव, असं त्यांचं सांगणं. राखलेलं तिथंच सडव, असं नाही सांगितलं त्यांनी."

वामनरावांनी त्या दिवशी दुकान उघडलंच नाही. नवराबायकोनं मिळून पत्र्याची ती मोठी कोठी अंगणात आडवी केली. वरचं पीठ आलं, मग मधलं, आणि मग खरवडून काढावा लागला तो तपकिरी, खवट, जाळ्यांनी बांधलेला थर. त्यातून एक हळकुंड घरंगळलं. कोठी नवी होती तेव्हा दादांनी पूजा करून तळाशी ठेवलेलं ते हळकुंड! वामनरावांनी ते उचलून कपाळाला लावायचं म्हणून चिमटीत धरलं, तर त्याचा भुगा झाला. किड्यांनी ते आतून कधीच पोखरलं होतं.

त्यांनी तो भुगा तळहातावर घेऊन बायकोला दाखवला. मग म्हणाले, "इंदू, मी लक्ष्मी समजून किडेच पोसत होतो वं."

पीठ सगळं खड्ड्यात पुरलं. कोठी धुऊन उन्हात कडकडीत वाळवली. जोडीला दुसरी आणली. एक पूर्ण रिकामी होऊन पुसली जाईपर्यंत दुसरीला हात लावायचा नाही, हा नवा नियम झाला. आठवड्यात जेवढं खपतं तेवढंच दळून आणायचं वामनरावांनी ठरवलं, वर अडीनडीपुरतं थोडं. नवं हळकुंड देवघरात गेलं.

शनिवारी सकाळीच बाई आल्या. वाकून त्यांनी रिकाम्या कोठीच्या तळाला टिचकी मारली. टण्ण वाजलं.

"दे बेसन," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी प्रेमिला घरी आली ती अर्धा लाडू मुठीत घेऊन. वामनरावांनी हात पुढे केला, तर तिनं मूठ मागे लपवली. इतक्या दिवसांत त्यांना पहिल्यांदा स्वस्थ वाटलं.

बंधुभगिनींनो, दुकान असो की स्वयंपाकघर, जुनं आधी संपवावं, नवं मागून भरावं, आणि खपेल तेवढंच आणावं. वडिलांचं सांगणं जरूर पाळावं. पण ते कशासाठी सांगितलं होतं, हेही आपणच शोधावं. आणि अधूनमधून तळ पाहायला भिऊ नये. लक्ष्मी स्वच्छ तळाला घाबरत नाही.