वेताची जीभ

मित्रांनो, मी एक जुनी, गोल नाकाची व्हॅन आहे. प्रतापनगरात देवरावांच्या अंगणात माझी जागा आहे, पण उभं राहणं मला मानवत नाही. चाकांना विटा लावल्या तरी माझं मन पुढेच घसरत असतं.

माझा जन्म विलायतेतला. नागपुरात आल्यावर काही वर्षं मी सदरमधल्या एका बेकरीचे पाव वाहिले. मग जवळच्याच एका वेतकाम केंद्राने मला विकत घेतलं. तिथे दृष्टी नसलेल्या बायका खुर्च्या विणत. कचेऱ्यांतून आलेल्या, बैठक फाटलेल्या खुर्च्या त्यांच्या हातांखालून ताठ होऊन परत जात. सकाळी या बायकांना घरून आणायचं आणि संध्याकाळी पोचवायचं, हे माझं काम. देवराव माझे ड्रायव्हर.

माझं इंजिन भारी बडबडं होतं. ते खोकायचं, गुरगुरायचं. थांबले तरी माझे सगळे पत्रे थरथरत. बायकांना ही बडबड पाठ झाली होती. मी कोपऱ्यावर वळण्याआधीच बायजाबाई काठी उचलून तयार असत.

मग १९७४ साल आलं. पेट्रोल इतकं महागलं, की केंद्राला मला पोसणं जमेना. केंद्राचे चिटणीस मधुकरराव म्हणाले, "गाडी विकून टाकू." पारशिवनीच्या एका गृहस्थांना कोंबड्यांच्या खुराड्यासाठी मी हवी होते. चाकं काढून मला शेतात टेकवणार होते म्हणे. ते ऐकल्यापासून मला चैन पडेना. पण माझ्याहून जास्त घोर बायजाबाईंना होता. त्यांचा भाऊ त्यांना एकटं बाहेर पाठवत नसे. गाडी बंद झाली की त्यांचं विणकामही बंद होणार होतं.

देवरावांची धाकटी बहीण जया कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत असे. तिने मधुकररावांकडून दसऱ्यापर्यंतची मुदत मागून घेतली. "इंजिन काढून मोटर बसवू. बॅटरीवर चालवू," ती म्हणाली.

अंगणातल्या कडुनिंबाला कप्पी बांधून त्यांनी माझं इंजिन वर उचललं. पुढून मी एकदम हलकी झाले. तो हलकेपणा मला सोसवेना. एका कारखान्याच्या लिलावातून माल ओढणाऱ्या बॅटरीगाडीची मोटर आणली होती. ती माझ्या गिअरबॉक्सला जोडण्यासाठी जयाने जाड लोखंडी तबकडी लेथवर कातून घेतली. छिद्रं केसभर सरकली, म्हणून तिने तीच तबकडी दुसऱ्यांदा करायला लावली. बाकांखाली बॅटऱ्या बसल्या. त्या भरण्यासाठी तिने घरीच ट्रान्सफॉर्मर गुंडाळला.

अखेर तिने खटका दाबला.

"चालू झाली का वं?" देवरावांनी विचारलं.

"दादा, तू कडुनिंबापासून किती लांब आला, पाह्य ना!"

देवरावांनी मागे वळून पाहिलं आणि घाईने ब्रेक मारला.

जया खूश होती. तिच्या हिशेबी आवाज म्हणजे वाया गेलेली शक्ती, आणि आता जवळजवळ काहीच वाया जात नव्हतं. मला मात्र ओळखीच्या घरात चुकून परक्यासारखं शिरल्यागत वाटत होतं. मी चालत होते आणि चालत असल्याचं मलाच कळत नव्हतं.

माझ्या परीक्षेच्या दिवशी मधुकरराव स्वतः पुढे बसले. जया मागे, केंद्रात न्यायच्या वेताच्या मोळ्यांजवळ बसली. पहिलाच थांबा बायजाबाईंचा. त्या रस्त्याच्या कडेला कान देऊन उभ्या होत्या. मी त्यांच्या अगदी शेजारी जाऊन थांबले.

"चढा, बाई," देवराव म्हणाले.

बायजाबाई एवढ्या दचकल्या, की हातातली काठी सुटली आणि त्या मटकन खाली बसल्या. जयाने धावत जाऊन त्यांना उठवलं.

"हे गाडी हाय का मांजर?" त्या म्हणाल्या. "मी एक पाऊल पुढं टाकलं असतं तं? मी नाई बसत इच्यात. बाकीच्याईले सांगतो, बसू नका म्हणून."

"हॉर्न वाजवत येऊ ना, बाई," देवराव म्हणाले.

"हॉर्न तं साऱ्या गावाचा वाजते गा. त्यातला तुहा कोनता, कसं समजू?"

मधुकररावांनी उसासा टाकला. "संपलं. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप केला, त्याच नाही म्हणतात. चला देवराव, गाडी केंद्रात लावा."

जया मागे चढली. मी निघाले. त्या धक्क्याने मोळीतला एक वेत सुटला आणि तळाच्या फळ्यांच्या फटीतून खाली उतरला. खाली मागच्या चाकांकडे जाणारा माझा दांडा फिरत होता. त्यावरच्या बोल्टांना वेताचं टोक लागू लागलं. टक. टक. टक. मी वेग घेतला तशी टकटक भराभर होऊ लागली.

"थांब गा, देवराव!" मागून बायजाबाई ओरडल्या. "हे कोन चाललं?"

जयाने फटीतून खाली पाहिलं. मग तिने वेत हाताने तिथेच दाबून धरला. "दादा, मागं घे. हळू."

मी मागे आले. टक... टक... बायजाबाईंनी बोट पुढे केलं. मी सरकले तसं त्यांचं बोट सरकलं. मी थांबले, बोट थांबलं. देवरावांनी मला पुन्हा पुढे काढलं, पुन्हा मागे आणलं. बोट एकदाही चुकलं नाही.

"आता समजते," त्या म्हणाल्या. "कुठं हाय, येऊन राहिली का जाऊन राहिली, सारं समजते."

मधुकरराव खाली उतरून वाकून पाहत होते. "अहो, पण हा तुकडा चार दिवसांत झिजेल!"

"झिजू द्या ना, साहेब! दुसरा लावू. आमच्यापाशी वेताची कमी हाय का?"

आणि बायजाबाई माझा दरवाजा चाचपत आत चढल्या. पुढच्या प्रत्येक थांब्यावर त्यांनीच आतून हाक दिली, "घाबरू नका वं, आपलीच हाय!"

जयाने दांड्याशेजारी वेत घट्ट धरणारा एक छोटा शिकंजा बसवला. त्यात अडकवायची वेताची जीभ केंद्रातल्या बायका करत. वेत भिजवायचा, चिरायचा, सावलीत वाळवायचा. पुढे जयाच म्हणे, की वाया घालवावा असाही थोडा आवाज असतो.

त्यालाही आता दहा वर्षं झाली. मे महिन्यात माझ्या बॅटऱ्यांतलं पाणी भराभर उडतं. डिस्टिल्ड वॉटर वेळेवर घातलं नाही, तर मी अर्ध्या रस्त्यात दमते. जीभ झिजली की मला स्वतःचीच भीती वाटते. नवी लावेपर्यंत देवराव मला अंगणाबाहेर नेत नाहीत.

मित्रांनो, यंत्रांची निगा राखा. पण त्यांच्यात सुधारणा कराल, तेव्हा त्यांची वाट पाहणाऱ्या माणसांना आधी विचारा. आणि रस्त्याच्या कडेला कुणी काठी घेऊन, कान देऊन उभं दिसलं, तर शेजारून गुपचूप सरकू नका. आपण आलो आहोत, हे त्यांना कळू द्या. मला त्यासाठी वेत लागला. तुम्हाला तर तोंड आहे.