बायकोचे बावीस चौकोन

एकतीस वर्षं मी वजनमापं तपासण्याची नोकरी केली. दुकानात शिरायचं, रिकाम्या तराजूचा काटा बघायचा, वजनांच्या तळाचा शिक्का बघायचा आणि मग दुकानदाराच्या चेहऱ्याकडे बघायचं. यातलं तिसरं काम खात्याने सांगितलेलं नव्हतं, ते मी स्वखुशीने करत असे. बाजारात माझं नाव ‘काटा’ पडलं होतं. हे माझ्या अचूकपणाचं कौतुक आहे असं मी निवृत्तीच्या दिवसापर्यंत समजत होतो. त्या दिवशी एका सहकाऱ्याने भाषणात सांगून टाकलं की तो काटा तराजूचा नव्हे, पायात रुततो तो. सगळे हसले. मीही हसलो, पण दोन सेकंद उशिरा.

निवृत्त झाल्यावर तपासायला उरलं ते घर. दिवाणखान्यातलं घड्याळ आणि स्वयंपाकघरातलं घड्याळ यांच्यात दोन मिनिटांचा फरक निघाला. बायकोचा ‘एक चमचा’ दर वेळी वेगळा भरतो, हेही सिद्ध झालं. ती म्हणाली, “अहो, तुम्ही बाहेर फिरायला का जात नाही?” मी फिरायला जाऊ लागलो आणि पावलं मोजू लागलो.

बायकोचा छंद क्रोशाचा. चाळीस वर्षं तिच्या मांडीवर लोकरीचा गुंडा आहे. परगावी राहणाऱ्या आमच्या लेकीला दिवस गेल्याचं कळलं त्याच आठवड्यात तिने बाळासाठी ब्लँकेट करायला घेतलं. ग्रॅनी स्क्वेअरचं. म्हणजे मधोमध एक गोल, त्याच्याभोवती तीन-तीन खांबांचे, म्हणजे उभ्या टाक्यांचे, झुपके, कोपऱ्यात दोन साखळ्या, प्रत्येक फेरीला नवा रंग. पाच फेऱ्या झाल्या की एक चौकोन. असे अठ्ठेचाळीस करायचे आणि एकमेकांना जोडायचे. बावीस झाले आणि इमारतीच्या ओल्या पायरीवरून घसरून तिचं उजवं मनगट मोडलं.

प्लॅस्टर घालताना तिने डोळे मिटले होते. उघडल्यावर पहिलं वाक्य म्हणाली, “सव्वीस राहिले हो.”

“मी करतो,” मी म्हणालो.

प्लॅस्टरची पट्टी गुंडाळणारी नर्स फिसकन हसली. बायको हसली नाही. बहुतेक दुखत असावं.

मी शिकलो. माझा पहिला चौकोन चौकोन झालाच नाही, त्याची वाटी झाली. दुसरा टेबलावर ठेवला की आपोआप कुबड काढून बसे. बायको शेजारी बसून सांगायची, “सैल सोडा. सगळा ताण डाव्या हातात असतो. दोरा धरलाय की चोर?” तिची सुरुवात मोठी नाजूक असते. बोटाभोवती दोऱ्याचा वेढा, त्यात पहिले खांब, आणि मग शेपूट ओढलं की मधलं भोक असं मिटतं की सुईचं टोकही आत जाऊ नये. मला ते जमेना. माझ्या बोटाभोवतीचा वेढा बोटाभोवतीच राही. शेवटी तिने सूट दिली. चार साखळ्या घालायच्या, टोकं जोडायची आणि त्या कड्यात सुरुवात करायची. “मध्ये भोक राहील,” ती म्हणाली, “राहू दे.”

पाच आठवड्यांत मी सव्वीस चौकोन पूर्ण केले. आता मी चारचौघांत क्रोशाबद्दल मतं देऊ लागलो होतो. शेजारच्या टेलरबाईंना मी लोकरीचा दर्जा समजावून सांगितला. त्या बिचाऱ्या पस्तीस वर्षं कापड हाताळतात, पण त्यांनी ऐकून घेतलं.

मग मी एक दिवस पोलादी पट्टी काढली.

माझे सव्वीसच्या सव्वीस तेरा सेंटिमीटर भरले. एकही इकडचा तिकडे नाही. बायकोचे बावीस मात्र चौदा, साडेचौदा, एक तर जवळजवळ पंधरा. मी ते पुन्हा मोजले, आडवे मोजले, तिरके मोजले. दोन ढीग समोर ठेवून मी बराच वेळ विचार केला, आणि एकतीस वर्षांचा अनुभव पणाला लावून निष्कर्ष काढला की दोष तिच्या मालात आहे. असे चौकोन जोडले तर ब्लँकेट वेडंवाकडं होणार. लेकीच्या सासरी काय म्हणतील?

तिला विचारावं असं मनात आलं नाही असं नाही. आलं होतं. पण ती आजारी माणूस, तिला कशाला त्रास, असं म्हणून मी तो विचार बाजूला सारला. आपल्याला हवं ते करायचं असलं की माझ्या मनात दुसऱ्याबद्दल फार कणव दाटून येते.

प्लॅस्टर निघालं होतं आणि ती रोज सकाळी दहा ते साडेअकरा हाताच्या व्यायामाला दवाखान्यात जायची. तिला टेलरबाई नेत असत. मी एकदाच गेलो होतो. तिथलं घड्याळ पाच मिनिटं मागे होतं आणि त्यावरून माझी तिथल्या कारकुनाशी बाचाबाची झाली, तेव्हापासून मी घरीच थांबत असे. तर त्या दीड तासात मी दार लावून तिचे चौकोन उसवायला बसलो. गाठ सापडली की पुढे काही कष्ट नाहीत. दोरा सरसर येतो. कुरळा झालेला दोरा मी रंगवार गुंडाळून ठेवत होतो, पुन्हा वापरायला. काटकसरीचा मला अभिमानच वाटत होता. तीन दिवसांत एकोणीस उसवले.

तिसऱ्या दिवशी ती परतली तेव्हा शेवटचे तीन मी उशीखाली सरकवले आणि वर्तमानपत्र उघडलं. ती खुर्चीत बसली, चपला न काढता.

“आज डॉक्टरही भेटले,” ती म्हणाली. “हात कामापुरता येईल म्हणे. भांडं धरता येईल, दार उघडता येईल. बारीक काम आता विसरा म्हणाले.”

मी वर्तमानपत्र खाली केलं.

“सुई धरायला तीन बोटं एकत्र यावी लागतात ना. ती येत नाहीत. येणारही नाहीत.” तिने उजवा हात मांडीवर उलटा ठेवला आणि त्याच्याकडे बघितलं. “जाऊ दे. बावीस आधीच झाले हे किती बरं झालं. तेवढे तरी पोरीच्या बाळाच्या अंगावर जातील माझ्या हातचे.”

मी कोपराने उशी दाबून धरली. आयुष्यात मी कितीतरी दुकानदारांचे चेहरे पांढरे पडताना पाहिले होते, आणि त्या क्षणी ते सगळे दुकानदार मला भाऊ वाटले.

तिथेच सांगून टाकायला हवं होतं. मी म्हणालो, “चहा टाकू?”

पुढचे बारा दिवस मी बनावट माल तयार करत होतो. ज्याने खोटे शिक्के ओळखण्यात जन्म घालवला, तो आता स्वतःच्या घरात स्वतःच्या बायकोच्या चौकोनांची नक्कल करत होता. उरलेले तीन समोर ठेवायचे आणि तसे करायचे. एक नंबर मोठी सुई घेतली. डावा हात सैल सोडला. तो सुटेना, म्हणून आधी दहा वेळा खांदे उडवून मग बसायचो. तिच्या मालात फरक असतो म्हणून मी कागदावर फरकही ठरवून घेतले. पहिला चौदा, दुसरा साडेचौदा, तिसरा चौदा पूर्णांक दोन. अव्यवस्थितपणाचंसुद्धा वेळापत्रक केलं. तिने आपल्या चौकोनांचा डबा मागितला की मी सांगायचो, पोटमाळ्यावर ठेवलाय, उद्या काढतो. खोटं बोलताना मी डोळ्यांत डोळे घालून बघत नव्हतो, कारण बघणाऱ्याला काय दिसतं ते मला ठाऊक होतं.

तेराव्या दिवशी डबा तिच्या हाती दिला. तिने पलंगावर चादर नीट केली आणि डाव्या हाताने एकेक चौकोन मांडू लागली, सहा आडवे, आठ उभे, कुठला रंग कुणाशेजारी ते ठरवत. मी दारात उभा राहून बघत होतो. खरं सांगतो, मला थोडी शाबासकीचीही अपेक्षा होती. ओळखू येणार नाही इतके छान जमले होते.

ती थांबली. हातातल्या, तिच्या मापाच्या चौकोनाच्या मधोमध तिने अंगठा फिरवला. मग दुसरा उचलला, त्यावर फिरवला. तिसरा. चौथा. पट्टी नाही, चष्मा नाही, नुसता अंगठा.

“हे माझे नाहीत,” ती म्हणाली.

आकार मी जुळवला होता, रंग जुळवले होते, सैलपणा जुळवला होता. प्रत्येकाच्या पोटात मात्र माझं चार साखळ्यांचं भोक तसंच होतं.

“माझे कुठे आहेत हो?”

मी सांगितलं. पट्टीपासून सुरुवात केली, तेरा आणि साडेचौदाचा हिशेब मांडला, आणि बोलता बोलता माझं मलाच ऐकू येऊ लागलं तसा गप्प झालो.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती पलंगाच्या कडेवर बसली.

“लहान चौकोनाला बाहेरून एक फेरी जास्त घालायची,” ती हळू म्हणाली. “एवढंच असतं ते. कुणाचाही हात सारखा नसतो, तुमचे लहानच येणार हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दहा मिनिटांचं काम. मला विचारलं असतंत तर.”

“मी पुन्हा...”

“आता उसवायची हौस फिटली ना? की हेही उसवणार आहात?”

मग ती रडली. चाळीस वर्षांत मी तिला तीनदा रडताना पाहिलंय, आणि तिन्ही वेळा कारण दुसरं कुणीतरी होतं. या वेळचं मी होतो. मी तिच्या शेजारी बसलो नाही. जवळ जायची लाज वाटत होती. त्या दुपारी तिने एका हाताने चहा केला, एकच कप, आणि खिडकीत बसून प्यायली.

दुसऱ्या दिवशी टेलरबाई न्यायला आल्या तर तिने त्यांना दारातूनच परत पाठवलं. मग मला हाक मारली.

“सुई आणा. इथे बसा, माझ्या डावीकडे नको, उजवीकडे.”

मी बसलो. तिने दोरा डाव्या करंगळीला वळसा देऊन तर्जनीवर घेतला, नेहमी घेते तसा, आणि दोन बोटांभोवती वेढा केला. “आता सुई आत घाला. खालून. ओढा. माझ्या हाताला हात लावू नका, दोरा मी सोडते.”

म्हणजे सुई माझी आणि दोरा तिचा. ताण डाव्या हातात असतो असं ती मला पाच आठवडे सांगत होती, आणि तिचा डावा हात तर धडधाकट होता. हे मला बारा दिवसांच्या बनावटगिरीत एकदाही सुचलं नाही. मी तेव्हा खांदे उडवत होतो.

सोपं नव्हतं. आमची कोपरं एकमेकांना लागत होती. मी घाई केली की ती दोरा अडवायची आणि मी जागच्या जागी थांबायचो. पहिल्या फेरीला पाऊण तास लागला. पण ती झाल्यावर तिने मला शेपूट ओढायला सांगितलं, आणि मधलं भोक मिटलं. पूर्ण मिटलं. मला काहीतरी बोलायचं होतं, पण ती म्हणाली, “बोलू नका, खांब चुकतील.”

तिसऱ्या फेरीला तिने टेकू म्हणून उजवा हात चौकोनाखाली आणला. बोटं जाडसर, सुजलेली, कोपऱ्याखाली कशीबशी टेकलेली. इतक्या जवळून तो हात मी मोडल्या दिवसानंतर पहिल्यांदाच बघत होतो. तिने खालचा ओठ दातांत धरला होता. चौकोनांची लांबी, रुंदी, तिरकस माप सगळं माझ्याकडे लिहिलेलं होतं. हात मोडल्याला नऊ आठवडे झाले होते.

मी सुई थांबवली.

“दुखतंय का गं?”

तिने मान वर केली नाही. दोरा तसाच बोटावर होता.

“खूप,” ती म्हणाली. “पहिल्या दिवसापासून.”