चौथ्या होलचा कडुनिंब

वसंतरावांनी मोठी स्टिक पिशवीत परत ठेवली आणि बारकी उपसली. गोल्फ क्लबचे सेक्रेटरी वीरण्णा बघतच राहिले.

"साहेब, तब्येत बरी हाय ना?"

"तुम्ही फटके मोजा."

समोर दीडशे पावलांवर, वाटेच्या ऐन मध्यावर, कडुनिंब उभा होता. नांदेडबाहेरच्या त्या उजाड माळावर दुसरं झाड औषधालाही नव्हतं. डावीकडून लांबचा वळसा, उजवीकडे ओढा. चार फटक्यांत चेंडू खळग्यात घालायचा असा हा होल, पण अकरा वर्षांत वसंतराव कधी सहाच्या खाली उतरले नव्हते. पाटबंधारे खात्यात हयातभर सरळ रेषा आखलेला माणूस, दर रविवारी झाडाच्या डोक्यावरूनच मारायचा. निंब चेंडू झेलायचा, जरा वेळ खेळवायचा आणि खाली टाकून द्यायचा.

शेवटी वैतागून त्यांनीच क्लबकडे अर्ज केला होता: झाड खेळात अडथळा आणते, तोडावे. अर्ज मंजूर झाला, उद्या करवतवाले येणार होते. म्हणजे आज चार जमले नाहीत तर कधीच नाहीत. झाड पडल्यावर मिळवलेले चार सांगायचे कुणाला?

त्यांनी बेतानं डावीकडे मारलं. चेंडू मोकळ्यात पडला. तिथं पोचल्यावर झेंड्यापर्यंतची सगळी वाट त्यांना पहिल्यांदाच नीट दिसली. दुसरा फटका थेट ब्राऊनच्या काठावर गेला. पाण्याअभावी इथं हिरवळ नव्हतीच. होलभोवती तेल पाजलेल्या वाळूचा गोल होता, त्यालाच ब्राऊन म्हणत. मैदानाची राखण करणाऱ्या सरजाबाईंनी गोणपाट ओढून वाळू सारखी केली आणि त्या बाजूला झाल्या. तिसरा फटका वीतभर कमी पडला. चौथ्याला चेंडू आत गेला.

"चार," वीरण्णा म्हणाले. "मोजले मी."

अडुसष्टाव्या वर्षी वसंतरावांनी चक्क उडी मारली. टोपी पडली, ती त्यांनी उचललीही नाही. इतका आनंद त्यांना बढतीच्या दिवशीसुद्धा झाला नव्हता.

सरजाबाई पदर तोंडाला लावून हसत होत्या. "मंग इतकी वर्सं त्याच्या डोस्क्यावर काहून मारून राहिलते, साहेब?"

वसंतरावही हसले. वीरण्णांनी खिशातून फोन काढला.

"करवतवाल्यांना सकाळी आठला यायला सांगतो."

वसंतरावांनी वळून निंबाकडे पाहिलं. मग एक डोळा मिटून, अंगठा पुढं धरून ते ओढ्याच्या बाजूचं अंतर जोखू लागले.

"थांबा. अर्ज मागं घेतो मी."

"आँ? मीटिंगमध्ये विचारतील की. कारण काय लिहू?"

"लिहा, अजून उजवीकडून मारायचं राहिलंय."