दोन रेषांचं दूध

नेरूळच्या आमच्या सोसायटीला विज्ञानाची भारी आवड. लिफ्ट चार महिने बंद होती, ते चाललं; पण दुधात अँटिबायोटिक असतं असा मेसेज ग्रुपवर आला आणि कुणाला चैन पडेना. सेक्रेटरी अश्विनने तातडीने तपासणीच्या पट्ट्या मागवल्या. करोनात त्याने गेटवर शंभरेक नाकं तपासली होती, म्हणून तो आमचा शास्त्रज्ञ. पट्ट्यांबरोबर आठ पानी माहितीपत्रक आलं होतं. ते त्याने न उघडताच बाजूला सारलं. यात वाचायचं काय, दोन रेषा आल्या की पॉझिटिव्ह, हे आता शेंबड्या पोरालाही कळतं, असं त्याचं म्हणणं.

रविवारी सकाळी क्लबहाउसमध्ये सोहळा झाला. नमुने दोन. एक सरस्वतीबाईंचं म्हशीचं दूध. करावे गावातल्या या बाई चार म्हशींच्या जोरावर आमच्या पंचवीस घरांना रतीब घालायच्या. दुसरं ॲपवरून येणारं, काचेच्या बाटलीतलं. त्या बाटलीवर हसऱ्या गाईचं चित्र होतं. हसणारी गाय मी आजवर पाहिलेली नाही, पण ते असो.

बाईंच्या दुधाला दोन ठळक रेषा उमटल्या, बाटलीच्या दुधाला एकच. सगळ्यांत ज्येष्ठ म्हणून निकाल वाचायचा मान मला मिळाला. मीही तो बक्षीस समारंभाला वाचावा तसा खणखणीत वाचला. सरस्वतीबाई पॉझिटिव्ह, बाटली निगेटिव्ह. टाळ्या पडल्या.

बाई दाराशी उभ्या होत्या. म्हशीला सुई टोचली की डॉक्टर सांगतील तितके दिवस तिचं दूध आपण ओतून देतो, असं त्या परोपरीने सांगत होत्या. ते खरंही होतं. गेल्याच महिन्यात त्यापायी चार दिवस रतीब चुकला, तेव्हा आम्हीच कुरकुर केली होती.

"घरं गेली तं म्हशी इकाव्या लागतील, साहेब," त्या मला म्हणाल्या.

मशीन खोटं बोलत नाही, असं अश्विनने त्यांना समजावलं. बोटभर पट्टीला मशीन म्हणताना त्याला काही वाटलं नाही, ऐकताना आम्हालाही नाही. दुसऱ्या दिवसापासून पंचवीसच्या पंचवीस घरांत बाटली सुरू झाली.

महिनाभराने माझी पुतणी सोनम राहायला आली. ती एका डेअरीच्या लॅबमध्ये काम करते. मी मोठ्या ऐटीत तिला त्या पट्ट्यांचा फोटो दाखवला. ती आधी हसली, मग तिने फोटो मोठा करून पुन्हा पाहिला.

"काका, या पट्टीचं उलटं असतं. दुसरी रेषा ठळक उमटली तर दूध स्वच्छ. औषध असलं की ती रेषा येतच नाही."

म्हणजे महिनाभर आम्ही औषधाचं दूध पीत होतो, तेही मिटक्या मारत. आणि स्वच्छ दूध आणणाऱ्या बाईला मी चारचौघांत बदनाम केलं होतं. मला लाज वाटली. खरंच वाटली. तडक करावेला गेलो. गोठ्यात एकच म्हैस उरली होती. तुमचं दूध स्वच्छ होतं, चूक आमची, असं मी सांगितलं. बाई शेण काढत होत्या, त्या थांबल्यासुद्धा नाहीत.

"ते मला ठावं हाय. मला कशाला सांगता? घरांना सांगा."

संध्याकाळी मी दारोदार फिरलो. पहिल्याच दारात रंजिताने विचारलं की निकाल तर तुम्हीच वाचला होता ना. होय म्हणालो. चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत अश्विनचा मेसेज माझ्या पुढे पोचला होता. रावसाहेबकाकांचं वय झालंय, कमिटीचा निर्णय शास्त्रीय आहे, अफवांकडे दुर्लक्ष करावे. खाली वीस जणांनी अंगठे दाखवले. क्लबहाउसमध्ये तसंच पडलेलं माहितीपत्रक शोधून मी त्यातल्या पानाचा फोटो ग्रुपवर टाकला. त्यावर कुणीतरी गुड नाइटचा गुलाब पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी किटली घेऊन मी पुन्हा करावेला गेलो. मला रोज एक लिटर घाला, म्हणालो. बाईंनी किटली भरून दिली, पण उद्यापासून जमणार नाही म्हणाल्या. शेवटची म्हैस उरणच्या माणसाला विकली होती, दुपारी टेम्पो येणार होता. मी हात जोडले. इतर कुणी नाही तर नाही, निदान माझ्या घरासाठी तरी तिला ठेवा, म्हणालो.

त्यांनी म्हशीच्या पाठीवरून हात फिरवला.

"एका घरासाठी म्हैस कोन पालतं, साहेब?"