जवळची खुर्ची

संतोषनं रिपोर्टचं पाकीट टेबलावर ठेवलं, पण वरचा हात काही उचलला नाही.

"म्याडम, माय बाहेर वजन करून राह्यली. ते यायच्या आंधी सांगतो. तिले काई बोलू नका. गाठ साधी हाय म्हणा. येखादं टॉनिक लिहून द्या, लाल-पिवळं काईबी."

डॉक्टर मैत्रीनं हात पुढं केला आणि तशीच थांबली. शेवटी पाकीट तिच्या हाती आलं. ते एकदा उघडून पुन्हा चिकटवलेलं होतं.

"तुम्ही वाचला?"

"परवा आणला. येकच शब्द समजला. तेवढाच पुरला."

आदिलाबादेत दवाखाना टाकून मैत्रीला सहा वर्षं झाली होती आणि हा सगळा प्रकार तिला तोंडपाठ होता. नातेवाईक आधी आत घुसतात आणि पेशंटला बाहेर चहाला बसवतात. जणू चहा पिणाऱ्याला काही कळतच नाही! अहो, न मागता हातात चहा आला की माणूस निम्मं ओळखतो. म्हणून तिनं आपल्या खोलीत नियमच करून टाकला होता. टेबलाजवळची खुर्ची पेशंटची. नातेवाईक मागं, भिंतीशी. मग तो सरपंच असो की घरचा जावई. या नियमावरून भांडणं झाली होती, आणि ती एकही हरली नव्हती.

"संतोषभाऊ, गाठ त्यांच्या अंगात आहे. सांगायचं की नाही, ते त्यांनाच विचारू."

"आन् तिनं हाय खाल्ली तं?"

"तर मी आहे ना इथं. तुम्ही मागं बसा." मैत्रीनं पाकीट उघडून रिपोर्ट वाचून काढला.

मथुराबाई आत आल्या. तामसीला त्यांचा अर्धा एकर भाजीचा मळा. त्या पिकवायच्या आणि हा लेक आदिलाबादच्या बाजारात विकायचा. खुर्चीवर बसताना त्यांनी आधी लेकाकडं पाहिलं, मग पाकिटाकडं.

मैत्रीचे वडील बाजारहत्नूरला मास्तर होते. शुद्ध बोलण्यावरून त्यांनी तिला लहानपणी पुष्कळ टोकलं होतं. पण रिपोर्ट सांगायचा तर घरच्याच बोलीत, हे तिनं स्वतःच ठरवलेलं.

"मथुराबाई, रिपोर्ट आला. सारं तुमाले सांगू, का संतोषले सांगू? तुमी म्हणान तसं."

मागून संतोष मान हलवून नको, नको म्हणत होता.

"मलेच सांगा. गाठ का त्याची हाय?"

मैत्रीनं कागद बाजूला सारला. बोलताना तिला कागदात तोंड खुपसलेलं चालत नसे.

"छातीतली गाठ कॅन्सरची हाय. लहान हाय. बाकी तपासण्यांत कुठं पसरलेली दिसली नाई. याच्यावर इलाज हाय. आंधी ऑपरेशन, मंग औषधं. बरं व्हायची आशा चांगली हाय, म्हून आता येळ घालवायचा नाई."

आणि ती गप्प बसली. हे गप्प बसणंच तिला सगळ्यात उशिरा जमलं होतं. मथुराबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"ऑपरेशन कवा?"

"याच महिन्यात. नागपूरच्या डॉक्टरशी मी बोलीन. घरी गेल्यावर शेजारणीले काय सांगसान, ते मले सांगा बरं. म्हंजे मी नीट सांगितलं का, ते कळन."

"सांगीन, गाठ वाईट हाय पन लहान हाय, काढून टाकायची हाय. आन् रडायले येऊ नको म्हणीन. यायचंच असंन तं मेथीले पानी द्याले ये."

मैत्रीला हसू आवरलं नाही. "भेव नाई वाटलं तुमाले?"

"वाटलं ना, बाई! लय वाटलं. पन ते परवाच. यानं कधी नाई ते माह्या हातातलं वांग्याचं टोपलं घेतलं, तवाच शंका आली. म्हून काल मुद्दाम भाजीत दुप्पट मीठ टाकलं. एरवी ताट सरकवून देते हा. काल मुकाट्यानं सारं जेवला, आन् वरून म्हणते, माय, भाजी झकास झाली."

भिंतीशी संतोषची मान खाली गेली.

मथुराबाई उठल्या. लेकाच्या खांद्यावर हात ठेवून क्षणभर थांबल्या आणि मैत्रीकडं वळल्या.

"आता याले सांगा. मले सांगितलं तसंच, सुरुवातीपासून. माह्यासमोर हा रडणार नाई. मी बाहेर बसीन."

दार लोटलं गेलं. मैत्रीनं टेबलाजवळची खुर्ची थोडी ओढली.

"या संतोषभाऊ."

"ते तं पेशंटची हाय ना?"

"हो. बसा."

तो येऊन बसला. मैत्रीनं कागद पुन्हा बाजूला सारला आणि पहिल्या वाक्यापासून सुरुवात केली.