खिळ्यावरची मुसकी

मी एक जुनी मुसकी आहे, मित्रांनो. कुत्र्याच्या तोंडाला बांधतात ना, ती. मला पाहिलं की माणसं दोन पावलं मागे सरकतात आणि म्हणतात, "बापरे, चावरं दिसतंय!" गळ्यातल्या पट्ट्याला लोक हौसेने घुंगरू लावतात, माझ्या वाट्याला मात्र खिळा. आणि दुसऱ्याचं तोंड बंद ठेवण्यात जन्म गेला म्हणून मीही गप्प बसणारी असेन, असं कुणाला वाटत असेल तर साफ चूक. मी चांगली बडबडी आहे. आज जे सांगायचंय ते सांगितल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

मी जन्मले एका जुन्या बुटाच्या कातड्यातून. आमचे मालक सुतार, सगळी गल्ली त्यांना मिस्त्री म्हणते. त्यांनी आपल्या कुत्र्याच्या तोंडाचं माप घेतलं आणि लाकडाचं हुबेहूब तसंच तोंड कोरलं, अगदी नाकपुड्यांसकट. ते पिशवीत घालून मिस्त्री कोपऱ्यावरच्या बूट शिवणाऱ्या बाबांकडे गेले.

बाबांनी ते लाकडी तोंड उलटसुलट करून पाहिलं. "अहो मिस्त्री, कुत्रा आणायचा सोडून त्याचं मुंडकंच घेऊन आलात की!"

"कुत्रा आणला असता तर तुमचं नाक जागेवर राहिलं नसतं," मिस्त्री म्हणाले.

बाबांनी माझ्या पट्ट्या आडव्याउभ्या शिवल्या, जाळीसारख्या. घट्ट पिशवी शिवली नाही. "तोंड उघडता आलं पाहिजे, धापा टाकता आल्या पाहिजेत. नाहीतर जीव घुसमटेल बिचाऱ्याचा," असं ते सुईत दोरा ओवता ओवता म्हणाले. त्या बिचाऱ्याला मी तोवर पाहिलंही नव्हतं.

त्याचं नाव भुसा. लाकडाच्या भुशाच्या रंगाचा, म्हणून भुसा. खिळ्यांच्या रिकाम्या खोक्यात बसून तो घरात आला तेव्हा मिस्त्रींची मुलगी चिमी नुकती चालायला लागली होती. दोघं बरोबरच वाढली. ती पडली की तो तिचं तोंड चाटायचा, तो रुसला की ती आपली अर्धी पोळी त्याला द्यायची. कारखाना पुढे आणि घर मागे, मधे एक दार. त्या दाराची चौकट तुम्ही लक्षात ठेवा. चिमीच्या दर वाढदिवसाला मिस्त्री तिला त्या चौकटीला पाठ लावून उभं करायचे, तिच्या डोक्यावर आपली लाकडी मोजपट्टी आडवी धरायचे आणि पेन्सिलने रेघ मारायचे. मग चिमी मागे वळून बघायची आणि "एवढी वाढले!" म्हणून गल्लीभर सांगत सुटायची.

तीच पट्टी भुशाच्याही डोक्यावर यायची, पण मोजायला नव्हे.

झालं असं की भुसा वयात आला. कुठे मादी कुत्री असली की हा भिंतीवरून उडी मारून पसार. परत यायचा तो कान फाडून घेऊन. समोरच्या दुकानातल्या कुत्र्याशी त्याचं हाडवैर. आणि सगळ्यात वाईट खोड म्हणजे, कारखान्यात नवी खुर्ची उभी राहिली की हा पाय वर करून तिच्यावर आपली सही करायचा. कोरं लाकडच ते, डाग उतरतोय कसला! मिस्त्री संतापायचे. हाताला पट्टी लागायची. सपकन एक डोक्यात.

मिस्त्री दुष्ट होते असं मी म्हणणार नाही. ताप आला तेव्हा त्यांनी भुशाला चमच्याने पाणी पाजलंय. पण राग आला की त्यांना भान राहायचं नाही. मारून भुशाची पाय वर करायची सवय काही गेली नाही. तो एवढंच शिकला, की हात वर गेला की डोक्यात कळ येते. मग हात कुणाचाही असो. आधी तो दबकायचा, मग दात दाखवायला लागला. एक दिवस पॉलिशवाल्याने फळीवरचा डबा काढायला हात वर केला आणि भुशाने त्याचं मनगट धरलं.

त्या दिवशी मिस्त्रींची बायको, जिला सगळे वहिनी म्हणतात, ती कमरेला पदर खोचून उभी राहिली. "हे पहिलं आणि शेवटचं. पुन्हा कुणाला चावला तर तो या घरात राहायचा नाही. घरात पोर आहे आपल्या!"

"नाही राहणार," मिस्त्री म्हणाले. चिमीने भुशाच्या गळ्याला मिठी मारली होती, ती तिने आणखी घट्ट केली. म्हणून मग मी शिवली गेले. भुशाचं घर टिकवणं माझ्यावर होतं, मित्रांनो. एवढं मोठं काम एका बुटाच्या कातड्यावर!

तेवढ्यात शेजारचा वेल्डर सल्ला द्यायला आला. फुकटचा सल्ला देण्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही. "नसबंदी करून टाका मिस्त्री. गाय होईल, गाय!"

मिस्त्रींना ते पटलं. ते भुशाला माझ्यासकट जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरीणबाईंनी त्याला नीट पाहिलं. मिस्त्रींनी घाम पुसायला हात कपाळाकडे नेला, तसा भुसा टेबलावर सपाट झाला. बाईंनी ते बरोबर टिपलं.

"ऑपरेशन करूया," त्या म्हणाल्या. "नर कुत्र्याचं हे ऑपरेशन केलं की त्याला पिल्लं होत नाहीत आणि त्याच्या शरीरातला नरपणाचा जोर ओसरतो. लगेच नाही, काही आठवडे जातील. मग पळून जाणं कमी होईल, जिथं तिथं पाय वर करणं कमी होईल, दुसऱ्या नरांशी भांडणंही कमी होतील. पण मिस्त्री, हा हाताला घाबरतो. ही भीती ऑपरेशनने जात नाही. कधी कधी भित्रा कुत्रा आणखी भित्रा होतो. मारणं आजपासून बंद. त्याला हळूहळू शिकवावं लागेल की वर गेलेला हात वाईट नसतो. मी शिकवते कसं ते, घेऊन येत जा. आणि तोवर कुणी जवळ असेल तेव्हा मुसकी काढायची नाही."

माझ्याबद्दल इतकं चांगलं कुणी पहिल्यांदाच बोललं होतं. बाईंनी आणखी एक युक्ती सांगितली. मला घालताना आत बिस्किटाचा तुकडा ठेवायचा. चिमीने ते मनावर घेतलं. थोड्याच दिवसांत असं झालं, की मला नुसतं हातात घेतलं तरी भुसा शेपूट हलवत यायचा आणि आपणहून नाक आत खुपसायचा. माझ्या आयुष्यातले ते सुखाचे दिवस. त्याचा गरम श्वास, बिस्किटाचा वास आणि संध्याकाळचा फेरफटका.

ऑपरेशन झालं. पहिले काही आठवडे काहीच फरक नाही. एकदा तर टाके काढल्यावर पठ्ठ्या भिंतीवरून उडालाच. आणि मग खरोखर बदल दिसायला लागला. फाटक उघडं असलं तरी हा उंबऱ्याशी लोळत पडलेला. नवं कपाट तयार होऊन उभं राहिलं, याने वास घेतला आणि निघून गेला. समोरचा वैरी दारावरून गेला, तर याने फक्त एक कान उचलला. अंगही भरलं. खायला मात्र सदा पुढे.

"बघा, म्हटलं नव्हतं मी?" वेल्डर छाती फुगवून सांगत फिरला. "गाय!"

"माणसाळला हो," वहिनीही म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं अर्धं खरं ठरलं होतं. उरलेलं अर्धं सगळे विसरले. शिकवायला कुणी नेलं नाही. आता मारायला कारण उरलं नव्हतं, म्हणून मार थांबला होता. मार थांबला म्हणजे भीती गेली, असं मिस्त्री धरून चालले. आणि मी? मला चौकटीशेजारच्या खिळ्याला अडकवलं. "आता कशाला हिची गरज?" म्हणाले.

खिळ्यावरून मला सगळं दिसायचं. मिस्त्रींनी फळी मोजायला पट्टी उचलली की भुसा हळूच कामाच्या बाकाखाली सरकायचा. जीभ ओठांवरून फिरवायचा. डोळ्यांचा पांढरा भाग दिसायचा. लोक म्हणायचे, "झोपला बघ, आळशी कुठला!" अरे, झोपला कसला? घाबरलाय तो! मी ओरडून ओरडून सांगितलं असतं, पण माझं ऐकतो कोण.

चिमीचा वाढदिवस आला. नवा फ्रॉक घालून ती चौकटीला उभी राहिली. मिस्त्रींनी पट्टी धरली, रेघ मारली. गेल्या वर्षापेक्षा चांगली चार बोटं उंच! चिमी नाचायलाच लागली. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं आणि मिस्त्री पट्टी बाकावर ठेवून पुढे गेले.

"भुसा, ये! तुझी पण रेघ मारूया!"

तो आला. तिने बोलावलं की तो यायचाच. तिने त्याला चौकटीला टेकवून बसवलं, एक हात गळ्यात टाकला आणि दुसऱ्या हाताने पट्टी त्याच्या डोक्यावर उचलली. भुसा दबकला. "असं नाही रे, सरळ बस!" त्याचे ओठ वर झाले. तो गुरगुरला, अगदी हळू. माझ्यापासून हातभर अंतरावर होता तो. माझं काम हातभर अंतरावर होतं, आणि मी खिळ्याला लटकत होते. चिमी हसली. "कुरकुर नको करू, हलू नको," म्हणाली, आणि पट्टी पुन्हा वर नेली.

एकच चावा. गालाला, डोळ्याच्या खाली.

मग किंकाळी, रक्त, धावपळ. मिस्त्रींनी तिला उचललं आणि तसेच अनवाणी पळाले. भुसा बाकाखाली जाऊन थरथरत बसला. बसल्या जागीच त्याची लघवी झाली.

डोळा वाचला. गालावर टाके पडले. घरी आल्यावर वहिनी ओरडली नाही, रडली नाही. "आता नाही," एवढंच म्हणाली. तिला कोण दोष देईल? मी तरी देत नाही.

वेल्डर आलाच. "जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही, मिस्त्री," म्हणाला. मला असा संताप आला! खोड? ही त्याची खोड होती? ती भीती पट्टीने घातली होती, एकेक सपका मारून, आणि काढायला कुणीही बोट उचललं नव्हतं.

खरं काय ते चिमीच बोलली. गालावर बँडेज बांधलेलं, शब्द नीट उमटत नव्हते. "बाबा, तू त्याला पट्टीने मारायचास ना? त्याला वाटलं मी पण मारणार."

आधीच गुळगुळीत झालेल्या फळीवर मिस्त्री रंधा मारत राहिले. त्यांनी ओळखीपाळखीत विचारून पाहिलं, कुणी भुशाला ठेवून घेतं का. पोरीला चावलेला कुत्रा कोण ठेवून घेणार?

शेवटी त्यांनी मला खिळ्यावरून काढलं. मित्रांनो, मला काढलेलं पाहून भुसा शेपूट हलवत आला. किती तरी दिवसांनी फेरफटका, असं वाटलं असणार त्याला. चिमी आतल्या दारातून म्हणाली, "रिकामी नको घालू, बिस्किट ठेव आत." मिस्त्रींनी ठेवलं. भुशाने आपणहून नाक आत खुपसलं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग एकच प्रश्न विचारला. "मुसकी कुठे होती?"

"खिळ्याला," मिस्त्री म्हणाले.

बाईंनी इंजेक्शन भरायला घेतलं. पहिलं इंजेक्शन गुंगीचं होतं. भुशाचे पाय सैल पडले, तेव्हा त्या म्हणाल्या, "आता काढा ती." मिस्त्रींनी मला सोडवलं आणि त्याच्या डोक्यावरून हात फिरवायला हात वर नेला. भुशाला उठता येत नव्हतं. तरी त्याने डोळे गच्च मिटले आणि डोकं टेबलाला चिकटवलं. मार चुकवायला.

मिस्त्रींचा हात तसाच वर राहिला. ते हुंदके देऊन रडायला लागले. बाईंनी त्यांचा हात धरला, खाली आणला आणि भुशाच्या हनुवटीखाली नेऊन ठेवला. "असा न्यायचा असतो," त्या म्हणाल्या. भुशाने डोळे उघडले आणि तो हात एकदा चाटला. मग दुसरं इंजेक्शन दिलं, कायमचं झोपवणारं.

आता मी पुन्हा खिळ्यावर आहे. चौकटीवर चिमीच्या रेघा आहेत, भुशाची एकही नाही. ते लाकडी तोंड चिमीने आपल्या उशाशी ठेवलंय.

मित्रांनो, ते ऑपरेशन वाईट नव्हतं. त्याने जे करायचं ते केलं. उरलेलं माणसांनी करायचं होतं. तुमच्या घरी कुत्रा असेल, तर त्याला मारू नका, आणि मोठे मारत असतील तर चिमीसारखं तोंडावर सांगा, पण वेळेवर सांगा. तो गुरगुरला तर हसू नका, बाजूला व्हा. आणि त्याला कुरवाळावंसं वाटलं तर हात वरून नेऊ नका. खाली बसा, तळहात उघडा ठेवा, त्याला आधी वास घेऊ द्या. आला जवळ तर हनुवटीखाली खाजवा. नाही आला तर राहू द्या.